अस्वलांच्या मुलुखात पायी जाताना: शाळेतल्या गोष्टीपलीकडे काय माहीत असावे?

वाटाड्या_मुलुंड

नमस्कार मंडळी. गेली पंचवीस वर्षे मी सह्याद्रीत हिंडतो आहे. आग्या मोहोळ, फुरसे, एप्रिलचे ऊन आणि पावसाळ्यातल्या शेवाळलेल्या पायऱ्या यांची भीती बाळगावी एवढे शहाणपण त्यातून आले. अस्वलाचा विचार करण्याची वेळ मात्र कधी आली नव्हती. ती आता आली आहे. मुलगी सिॲटलला असते आणि येत्या ऑगस्टमध्ये तिने आम्हा दोघांना घेऊन मोंटानातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात तीन रात्री तंबूत राहण्याचा बेत केला आहे. तिथे काळे अस्वल आणि ग्रिझली (म्हणजे तिकडचे तपकिरी अस्वल), दोन्ही आहेत. ‘घाबरायचे काही नाही बाबा, फक्त नियम पाळायचे,’ असे तिने फोनवर सांगितले आणि त्या दिवसापासून तिच्या आईची झोप उडाली आहे.

माझी अडचण अशी की, वाचायला बसलो तर एक जण सांगतो निपचित पडून राहा, दुसरा सांगतो उलट मारा, तिसरा सांगतो जागचे हलू नका, आणि तिघेही सारख्याच ठामपणे सांगतात. त्यातच डिसेंबरमध्ये आमच्या गटाने वासोटा ठरवला आहे. कोयनेच्या जंगलातही अस्वले आहेत, म्हणजे तिकडचे शिक्षण इकडे उपयोगी पडेल की नाही हाही प्रश्न आहेच. अनुभवी सभासदांनी लिहावे. ‘जाऊ नका’ हा सल्ला घरात भरपूर मिळतो आहे, तेव्हा तो सोडून इतर सल्ल्यांचे स्वागत आहे.

चुनाभट्टी_फास्ट

एक मित्र झाडावर चढला आणि दुसरा श्वास रोखून पडला, एवढे मला शाळेपासून पाठ आहे. तुम्ही तिघे जाणार. तिसऱ्याने काय करायचे ते गोष्टीत दिलेले नाही.

पाऊलखुणा

चुनाभट्टीकरांनी ती गोष्ट काढली हे बरेच झाले, कारण आपल्यापैकी बहुतेकांचे अस्वलाविषयीचे शिक्षण तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. त्या गोष्टीतला झाडावर चढणारा मित्र दगाबाज होता हे आपण शिकलो. तो अडाणीही होता हे कोणी शिकवले नाही. अमेरिकेतले काळे अस्वल झाडावर सरसर चढते, हिमालयातले काळे अस्वलही चढते, आणि आपले विदर्भातले अस्वल तर मधाच्या पोळ्यासाठी नेहमीच चढते. पळणे त्याहून वाईट. ग्रिझली ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास धावू शकते, म्हणजे आपल्या धिम्या लोकलच्या सरासरीपेक्षा जास्त, आणि मध्ये स्थानके नाहीत. शिवाय पाठ दाखवून पळणाऱ्याच्या मागे लागणे ही त्याची उपजत प्रवृत्ती आहे.

निपचित पडणाऱ्या मित्राचे मात्र काही अंशी बरोबर होते. किती अंशी, ते अस्वल कोणते आणि ते कशासाठी अंगावर आले आहे यावर ठरते.

दूरदेशी_ठाणेकर

मी मूळचा नौपाड्यातला, आता बारा वर्षे सिॲटलजवळ राहतो. ग्लेशियरला दोनदा जाऊन आलो आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

वाटाड्या साहेब, तुम्हाला गोंधळात टाकणारे तिन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. पिल्ले बरोबर असलेली किंवा अचानक दचकलेली ग्रिझली स्वतःच्या बचावासाठी अंगावर येते; तिने प्रत्यक्ष धडक दिली तर पालथे पडायचे, पाठीवरची सॅक काढायची नाही, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफायची, पाय फाकवून ठेवायचे म्हणजे तिला आपल्याला सहज उलथवता येत नाही, आणि ती दूर गेल्याची खात्री होईपर्यंत उठायचे नाही. काळ्या अस्वलापुढे असे पडून राहू नये. त्याच्यासमोर उभे राहायचे, हात वर करून मोठे दिसायचे, ओरडायचे, आणि तरीही ते भिडलेच तर हाताला लागेल त्याने त्याच्या तोंडावर मारायचे. रात्री तंबूत शिरणारे किंवा बराच वेळ चोरपावलांनी मागे येणारे अस्वल, मग ते कोणत्याही जातीचे असो, बचावासाठी आलेले नसते. तिथे मेल्याचे सोंग उपयोगाचे नाही, तिथे झुंजावेच लागते.

‘जागचे हलू नका’ हा सल्ला या सगळ्याच्या आधीचा. पुष्कळदा अस्वल धावत येते आणि काही पावलांवर थांबून वळते; ती नुसती हूल असते. त्या क्षणी जो पळतो तो हुलीचे रूपांतर हल्ल्यात करतो.

एक गैरसमज आत्ताच दूर करतो. ‘काळे असेल तर लढा, तपकिरी असेल तर पडा’ अशा अर्थाचे एक इंग्रजी यमक इकडे सगळ्यांच्या तोंडी आहे, पण रंगावर जाऊ नका. काळे अस्वल म्हणवणारी कितीतरी अस्वले चक्क तपकिरी असतात. खांद्यावरचा उंचवटा, बशीसारखा आत वळलेला चेहरा, आखूड गोल कान आणि पुढच्या पायांची लांब नखे पाहायची. ती दिसली तर ग्रिझली.

रानवाटा

दूरदेशी, एवढे बारकावे पाहण्याइतके अस्वल जवळ आले तर मी कान मोजत बसेन असे मला वाटत नाही.

दूरदेशी_ठाणेकर

म्हणूनच बेअर स्प्रे. तो जातपात विचारत नाही. मिरचीतल्या तिखट अर्काचा तो फवारा साधारण ७ ते ९ मीटरपर्यंत जातो आणि अस्वलाचे नाक-डोळे काही वेळ निकामी करतो. तो कमरेच्या पट्ट्याला किंवा छातीवर अडकवायचा. सॅकच्या आत ठेवलेला स्प्रे म्हणजे बँकेच्या लॉकरमधली छत्री. अस्वल दहा-पंधरा मीटरवर आले की त्याच्या तोंडाच्या किंचित खाली रोखून फवारायचे, म्हणजे ते त्या ढगात स्वतःहून शिरते. डबा काही सेकंदांतच रिकामा होतो, म्हणून थोडे थोडे मारायचे. वैधतेची तारीख पाहायची आणि वाऱ्याची दिशा विसरायची नाही.

विमानात तो केबिनमध्येही नेता येत नाही आणि खालच्या सामानातही, तेव्हा तिथेच विकत घ्या. सगळीकडे परवानगीही नसते. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत, जिथे फक्त काळी अस्वले आहेत, तो बाळगायला मनाई आहे.

आणखी एक गोष्ट. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी डासांसाठी औषध मारावे तसा तो तंबूच्या चारी बाजूंना आणि स्वतःच्या पँटवर मारला होता. रात्रभर खोकत होते ते तेच. वाळलेल्या फवाऱ्याने अस्वल पळत नाही, उलट वासाच्या कुतूहलाने जवळ येऊ शकते.

मोहफूल

आतापर्यंतची चर्चा अमेरिकेतल्या अस्वलांची झाली. मी आज कांदिवलीत राहत असले तरी माझे बालपण मेळघाटात, धारणीच्या बाजूला गेले, म्हणून आपल्या अस्वलाबद्दल लिहिणे मला भाग आहे.

आपल्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातल्या वाळव्या अक्षरशः ओढून घेते, आणि तो फुर्रफुर्र आवाज बराच दूर ऐकू येतो. पण त्याच वेळी त्याचे डोके वारुळात असते, नजर मुळातच अधू असते, आणि त्या आवाजात त्याला तुमची चाहूल लागत नाही. तुम्ही पार जवळ पोहोचता तेव्हा ते दचकते, आणि दचकलेले अस्वल आधी हल्ला करते, नंतर पळते. अभ्यासक सांगतात की वाघाबरोबर पिढ्यान्पिढ्या राहिल्यामुळे त्याचा स्वभाव असा चटकन भिडण्याचा झाला असावा. माणूस त्याचे खाद्य नाही. मात्र ते मागच्या पायांवर उभे राहून बोटभर लांब नखांनी चेहरा आणि डोके धरते, आणि काही क्षणांत जे करायचे ते करून निघून जाते.

आमच्या शेजारच्या गावात असा एक माणूस होता. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात; माणसेही तेव्हाच टोपल्या घेऊन निघतात आणि अस्वलेही त्याच झाडाखाली येतात. तो एकटा आणि अंधार असतानाच गेला होता. वाचला, पण त्यानंतर तो कायम डोक्याला रुमाल गुंडाळून, अर्धा चेहरा झाकून बाजारात येत असे, आणि आम्हा मुलांना कोणी सांगितले नव्हते तरी आम्ही त्याच्या त्या बाजूने कधी चालत नव्हतो. आमच्याकडची जाणती कोरकू माणसे चार-पाच जणांनी मिळून, उजाडल्यावर, बोलत बोलत, काठी आपटत जातात. मला वाटते यापेक्षा मोठे शास्त्र कोणाला सांगता येणार नाही.

वाटाड्या काका, आपल्या अस्वलापुढे काळ्या अस्वलाचा नियम लावून मारामारीला उभे राहू नका. लांबून दिसले तर पाठ न फिरवता मागे सरका. अंगावर आले तर सगळ्यांनी एकत्र राहून आरडाओरडा करा आणि काठी पुढे धरा. गाठलेच तर पालथे पडून चेहरा जमिनीला आणि हात मानेवर. चेहरा वाचवणे ही पहिली गोष्ट, बाकी सगळे नंतर.

तांबट_पक्षी

बोलत, काठी आपटत जंगलात जाण्याचा सल्ला मला पटत नाही. मी वीस वर्षे पक्षी पाहतो. आधीच आपल्या प्रत्येक गडावर एक तरी महाभाग सॅकला स्पीकर लटकवून येतो. त्याला आता अस्वलाचे निमित्त मिळेल. जंगलाचा पहिला नियम शांतता हाच असला पाहिजे.

मोहफूल

आपला राग योग्य आहे, पण तो स्पीकरवर असू द्या, बोलण्यावर नको. दिवसभर गोंगाट करा असे मी म्हटलेले नाही. दाट झुडपे, वळण, ओढ्याचा खळखळाट आणि वारा समोरून येत असलेली वाट, जिथे त्याला आपला वासही लागत नाही आणि आवाजही, तेवढ्या ठिकाणी माणसाचा आवाज त्याच्या कानावर गेला पाहिजे.

दूरदेशी_ठाणेकर

पूर्ण सहमत. इकडे सॅकला बांधायच्या घंटा मिळतात. उद्यानाचे लोक सांगतात की त्यांचा फारसा उपयोग नाही, कारण तो किणकिण आवाज पुरेसा लांब जात नाही. टाळ्या वाजवणे आणि ‘ए अस्वला’ अशी हाळी देणे बरे. ऑगस्टमध्ये तिथे वाटेच्या कडेने हकलबेरी पिकलेली असते आणि अस्वले त्यात मान घालून बसलेली असतात, म्हणजे मोहफूल ताईंच्या वारुळासारखाच प्रकार.

रानवाटा

हाळी मराठीत दिली तर चालेल ना? तिकडच्या अस्वलांना सवय नसेल.

तांबट_पक्षी

ठीक आहे, वळणावर बोलण्याला माझी हरकत नाही. स्पीकरला आहे आणि राहील.

सुगरण_विलेपार्ले

माझा प्रश्न खाण्याचा आहे. अमेरिकेत मुलांकडे जाताना आपल्या बॅगेत काय काय असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. तंबूत मेथीचे लाडू, तळलेल्या चकल्या, लसणाची चटणी ठेवली तर चालते का? आणि वाटाड्या वहिनी सुकट नेणार असतील तर मी आत्ताच हात जोडते.

वाटाड्या_मुलुंड

वहिनींनी हे वाचले आहे. सुकट यादीत होते, ते आत्ताच काढले.

दूरदेशी_ठाणेकर

ताई, अस्वलाच्या बाबतीत खरी सावधगिरी नाकाची. तंबूत खाण्याचा एक कणही नको. एवढेच नव्हे, टूथपेस्ट, साबण, खोबरेल तेल, बाम, कडुनिंबाचे मलम, अगदी रिकामे वेष्टनही नको. ग्लेशियरच्या तंबूतळांवर स्वयंपाकाची आणि जेवणाची जागा झोपण्याच्या जागेपासून वेगळी ठेवलेली असते आणि अन्न टांगण्यासाठी खांब किंवा लोखंडी पेट्या असतात. जिथे अशी सोय नसते तिथे जमिनीपासून किमान ३ मीटर उंच आणि खोडापासून सव्वा मीटर लांब टांगतात, किंवा अस्वलाला उघडता न येणारा घट्ट झाकणाचा डबा वापरतात. योसेमिटीच्या रानात तो डबा सक्तीचाच आहे. भांडी विसळलेले पाणी गाळून त्यातली शिते परत पिशवीत भरायची, आणि ज्या कपड्यांत फोडणी दिली ते कपडे घालून झोपायचे नाही.

माणसाच्या अन्नाला चटावलेले अस्वल पुन्हा पुन्हा येते, धीट होते, आणि शेवटी त्यालाच गोळी घालतात.

हिमशिखर_डोंबिवली

वरचा मुद्दा मी डोळ्यांनी पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी काश्मीरमधल्या एका मोहिमेत आम्ही चौदा जण होतो. आयोजकाचे नाव लिहीत नाही. त्यांच्या स्वयंपाक्याने उरलेला भात, डाळ आणि अंड्यांची टरफले स्वयंपाकाच्या तंबूमागे वीस पावलांवर उघड्यावर ओतली होती. संध्याकाळी मी बोललो, तेव्हा ‘सकाळी पुरून टाकू’ असे उत्तर मिळाले आणि मीही गप्प बसलो, ही माझी चूक.

रात्री दोनच्या सुमारास पातेले कोसळल्याचा आवाज झाला. घोडेवाले आमच्या आधी उठले. त्यांनी पत्र्याचे डबे बडवले, जळकी लाकडे उचलली, आरोळ्या ठोकल्या. आम्ही कोणीही तंबूची चेन उघडली नाही. सकाळी पाहिले तर कणकेचे पोते उभे फाटलेले होते, पीठ ताडपत्रीवर पसरले होते, आणि त्या पिठात एक पाऊल इतके स्वच्छ उमटले होते की रांगोळीचा छाप मारावा: रुंद तळवा, पाच बोटे आणि बोटांच्या पुढे नखांची पाच टिंबे. एका मुलाने त्याशेजारी आपला बूट ठेवून फोटो काढला. घोडेवाल्यांतला म्हातारा त्याच्याकडे पाहत नुसता मान हलवत होता. ते काळे अस्वल होते असे त्यानेच सांगितले.

झाडांच्या रेषेच्या वर, कारगिलकडच्या द्रास आणि सुरू या खोऱ्यांच्या बाजूला तपकिरी अस्वलही आहे. तिकडे जाणाऱ्यांनी उघड्यावरच्या कचऱ्याबाबत आयोजकाशी मुंबईतच, पैसे भरण्यापूर्वी बोलावे.

नवखा_बोरिवली

आमच्या राष्ट्रीय उद्यानात अस्वल आहे का? मी दर रविवारी कान्हेरीला जातो.

पाऊलखुणा

संजय गांधी उद्यानातल्या रानात अस्वल नाही; तिथे बिबट्या आहे, आणि त्याचे नियम वेगळे आहेत. लहान मुलांना पुढे धावू देऊ नका, वाकून बसू नका, अंधारात फिरू नका. त्यावर स्वतंत्र धागा काढावा.

वासोट्याबद्दल मात्र इथेच लिहितो. वासोटा कोयना अभयारण्यात येतो, आणि कोयना व चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. बामणोलीहून शिवसागर जलाशय लाँचने ओलांडून जायचे, वन विभागाची परवानगी घ्यायची आणि संध्याकाळच्या आत परत फिरायचे. गडावर मुक्कामाला परवानगी नाही. माझ्या मते हा मुक्कामबंदीचा नियम हीच तिथली सर्वांत मोठी सुरक्षितता आहे, कारण अस्वलाची वर्दळ संध्याकाळपासून पहाटेपर्यंत अधिक. गट विखरू देऊ नका. पुढचे चार जण गडावर आणि मागचे दोन गुडघेदुखीमुळे एक किलोमीटर मागे, हे चित्र आपण नेहमी पाहतो. त्या दोघांची काळजी करा. आणि तिथे गव्यालाही वाट द्या.

गिरगावचे_नाना

मी आता पंचाहत्तरीत आहे आणि डोंगर केव्हाच सुटला. पण अस्वल मी तुम्हा सर्वांच्या आधी पाहिले, आमच्या चाळीच्या चौकात. दरवेशी यायचा. अस्वलाच्या नाकात वेसण, तोंडाला चामड्याची मुसकी, आणि डमरू वाजला की ते बिचारे उभे राहायचे. भित्र्या मुलांची भीती जावी म्हणून आया त्यांना त्याच्या पाठीवर बसवायच्या. मलाही बसवले होते. त्याच्या केसांचा ताईत कित्येक महिने माझ्या गळ्यात होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर त्यावर बंदी आली, तरी खेळ पूर्ण थांबायला फार वर्षे गेली.

हे विषयांतर नव्हे. ते अस्वल दात पाडलेले, नखे बोथट केलेले आणि वेसणीच्या वेदनेने नाचणारे होते. आमच्या पिढीच्या मनात ‘अस्वल म्हणजे ढब्बू, डुलणारे, गमतीदार जनावर’ हे चित्र त्यातून बसले. माझा पुतण्या ताडोब्यात जीपमधून उतरायला निघाला होता, तो याच समजुतीने.

परळची_डॉक्टर

कोणी उपचारांबद्दल लिहिले नाही, म्हणून थोडक्यात. डोक्याच्या त्वचेच्या जखमेतून रक्त फार वाहते. ते पाहून गर्भगळित न होता स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि सारखे उचलून पाहू नये. सुटलेली त्वचा कापू किंवा फेकू नये, ती जागेवर ठेवून बांधावी. चेहऱ्याला इजा असेल तर रक्त घशात उतरते, तेव्हा माणसाला उताणे झोपवू नये, कुशीवर वळवावे किंवा पुढे वाकवून बसवावे. रक्तस्राव आटोक्यात असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. धनुर्वाताचे इंजेक्शन, रेबीजची लस आणि जखमेत द्यायचे रेबीजचे इम्युनोग्लोब्युलिन या तिन्ही गोष्टी रुग्णालयात आठवणीने विचाराव्यात, कारण कुत्र्याच्या चाव्याला आपण जे करतो ते अस्वलाच्या बाबतीत अनेकांच्या लक्षात येत नाही. हळद, चहापावडर, तंबाखू काहीही भरू नये.

स्प्रे स्वतःच्याच डोळ्यांत गेला तर चोळू नका, भरपूर पाण्याने धुवा.

वाटाड्या_मुलुंड

डॉक्टर ताई, तुमचे शेवटचे वाक्य मला तीन दिवस उशिरा मिळाले.

दूरदेशींनी सराव करा म्हटले नव्हते, पण मला सुचले. रविवारी सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला अस्वल समजून मी जुन्या डिओडरंटचा डबा कमरेला बांधला आणि चालता चालता काढून फवारण्याचा प्रयत्न केला. पहिल्या वेळी डबा पट्ट्यातून निघालाच नाही. दुसऱ्या वेळी झाकण काढायचे राहिले. तिसऱ्या वेळी सगळे जमले, पण जुलैचा वारा पश्चिमेकडून येतो हे मुंबईत जन्मूनही ध्यानात आले नाही आणि टाकी कोरडी राहून मी सुगंधी झालो. वॉचमन जिन्यात उभा राहून पाहत होता. मिरचीचा अर्क असता तर काय झाले असते याची कल्पना मला पुरेशी आली आहे. मुलीला सांगितले आहे की तिथे पोहोचल्यावर आधी सरावाचा, औषध नसलेला डबा मिळतो तो घ्यायचा आणि एक संपूर्ण सकाळ त्यात घालवायची.

घरातला निर्णयही कळवतो. ही यायला तयार झाली आहे, तीन अटींवर: चालताना ती मध्ये राहणार, संध्याकाळी पाचनंतर पाऊल टाकणार नाही, आणि स्प्रे माझ्याकडे नसून मुलीकडे राहणार. वासोट्यासाठी गटातल्या प्रत्येकाला काठी सक्तीची केली आहे आणि गुडघेदुखीवाल्या दोघांना सर्वांत पुढे ठेवणार आहे.

आता एकच शंका उरली. त्या अस्वलापासून सुरक्षित डब्यात तिघांचे तीन दिवसांचे खाणे खरोखर बसते का?

दूरदेशी_ठाणेकर

चपट्या वस्तू बसतात, फुगीर बसत नाहीत. दशमी, थेपले, चिक्की, शेंगदाण्याचा कूट चालेल. टूथपेस्टलाही त्यातच जागा ठेवायची आहे हे विसरू नका.

सुगरण_विलेपार्ले

लाडू मग बसके वळा, वडीसारखे थापले तरी चालतील. चकल्या मात्र सिॲटललाच खाऊन संपवा.